‘पळून गेला’ म्हणजे नक्की काय? आंग्र्यांच्या आरमारातले टोपीकर आणि नोंदवहीतलं एक अक्षर

पेट पास झाली, गाईडही मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. पण ‘प्रश्न’ म्हणजे काय हेच उमगत नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. विषय असतो: मराठा आरमार, कान्होजी आंग्रे, कंपनीचा व्यापार. पण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. विषयाचा प्रश्न कसा करायचा ते आज एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण समुद्राचं आहे. रेणापूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. मराठवाड्यातल्या पोराने आरमारावर संशोधन का करावं, असं लोक विचारतात. याचं उत्तर लेखाच्या मध्यावर येईल. आधी गोष्ट समजून घेऊ.

एका बंदरावरून दिसणारे चार धनी

अठराव्या शतकाच्या पहिल्या तिशीतली मुंबई डोळ्यासमोर आणा. बेटावर ईस्ट इंडिया कंपनी. उत्तरेला वसई आणि दक्षिणेला चौल पोर्तुगिजांकडे. आणखी खाली जंजिऱ्याला सिद्दी. आणि मुंबई बंदराच्या तोंडापासून फार लांब नसलेलं खांदेरी बेट १६७९ पासून मराठ्यांकडे. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही आंग्र्यांची ठाणी. कान्होजी आंग्रे यांना ‘सरखेल’ हा किताब होता. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी तह करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. इंग्रजी कागदांत मात्र ते ‘चाचे’ ठरतात. ही नावाची गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एवढ्याशा पट्ट्यात चार धनी. म्हणजे एखाद्या खलाशाचं एका धन्याशी पटलं नाही, तर दुसरा धनी एका रात्रीच्या अंतरावर होता. आणि सगळ्यांनाच माणसं हवी होती. जहाज बांधता येतं, लढाईत जिंकून आणता येतं. पण ते चालवायला आणि तोफ डागायला शिकलेला माणूस झटपट तयार होत नाही.

आंग्र्यांच्या ताफ्यात मुख्यतः दोन जातींची जहाजं. गुराब हे मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, नाळेवर तोफा असलेलं. गलबत हे हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठं युरोपीय जहाज जागेवर अडकायचं, आणि वल्ह्यांवर चालणारी गलबतं गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणायची, कारण तिथे त्या जहाजाच्या तोफा कमी. वल्ही, शिडं, किनाऱ्याची माहिती हे सगळं कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा कोकणातल्या लोकांकडे होतं. गोलंदाजीसाठी मात्र टोपीकर, म्हणजे युरोपीय माणूस, मोलाचा समजला जाई. पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, इंग्रज असे लोक आंग्र्यांच्या चाकरीत होते, हे समकालीन वृत्तांतांत येतं.

आता प्रश्न: हे लोक तिथे आले कसे? आणि त्यांतले कोण ‘पळून’ आले, कोण ‘धरून’ आणले गेले?

तीन माणसं, तीन वाटा

पहिली वाट कैदेची. १७१२ मध्ये आंग्र्यांच्या जहाजांनी मुंबईच्या गव्हर्नर एस्लाबीची नौका आणि तिच्यासोबतचं जहाज पकडलं. कैद्यांमध्ये कॅथरीन चाउन नावाची तरुण बाई होती. तिचा नवरा या चकमकीत मारला गेला. १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये खंडणी मोजून तिला आणि इतरांना सोडवून नेलं. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत फार रंगवून येते. पण संशोधकाने दुसरीकडे बघायला हवं. अब्रूदार बाईसाठी, कप्तानासाठी पैसा उभा राहतो. साध्या खलाशासाठी कोण पैसा उभा करणार? १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्रे यांनी ‘डर्बी’ हे कंपनीचं मोठं जहाज पकडलं, तेव्हा शंभराहून अधिक माणसं कैदेत आली. अशा माणसासमोर दोनच पर्याय: तह होईपर्यंत बेडीत बसायचं, नाहीतर तोफेवर हात ठेवून पगार घ्यायचा. दुसरा पर्याय घेतला तर मुंबईच्या लेखी तो फितूर. त्याला आपण ‘स्वखुशीने राहिला’ म्हणायचं का?

दुसरी वाट भटक्यांची. क्लेमंट डाउनिंग हा कमोडोर मॅथ्यूजच्या ताफ्यातल्या ‘सॅलिसबरी’ जहाजावर मिडशिपमन होता. त्याने १७३७ मध्ये लंडनला एक पुस्तक छापलं, आणि त्यात जॉन प्लँटेन नावाच्या जमैकात जन्मलेल्या चाच्याची हकीकत दिली. हा माणूस मादागास्करच्या किनाऱ्यावर स्वतःला राजा म्हणवून घेत होता. तिथलं बस्तान उठल्यावर तो हिंदुस्थानात येऊन आंग्र्यांच्या चाकरीत शिरला, असं डाउनिंग सांगतो. गोष्ट भारी आहे, म्हणूनच जपून वापरायची. ती एकट्या डाउनिंगवर उभी आहे, आणि त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्यांना ‘चाचा’ म्हटलंय. ज्याला आंग्रे चाचे ठरवायचेत, त्याला आंग्र्यांच्या पदरी एक खराखुरा चाचा सापडणं फार सोयीचं असतं. याचा अर्थ डाउनिंग खोटं बोलतो असा नाही. याचा अर्थ एवढाच, की ‘डाउनिंगच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द तुमच्या वाक्यातून गळता कामा नयेत.

तिसरी वाट उलटी, आंग्र्यांकडून मुंबईकडे. मॅन्युएल द कास्ट्रो हा पोर्तुगीज आंग्र्यांची चाकरी सोडून आला आणि गव्हर्नर चार्ल्स बूनने त्याच्या हाती गलबतं दिली. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. मग संशय कुणावर? कास्ट्रोवर. त्याने आंग्र्यांच्या होड्यांना रसद घेऊन बेटावर जाऊ दिलं, असा आरोप झाला. त्याच अपयशाच्या सावलीत मुंबईचा बडा व्यापारी रामा कामाती याच्यावरही आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला १७२० मध्ये चालला आणि त्याला जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्ध वापरलेली पत्रं बनावट होती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. मोहीम हरली की फितूर ‘सापडतात’. म्हणून फितुरीचा कागद हातात आला, की आधी त्याच्या अलीकडची लढाई कोण हरलं ते बघायचं.

तिघांनाही इंग्रजी कागद जवळपास एकाच पारड्यात टाकतो. पण एकाला पकडलं होतं, एक पोट भरायला आला होता, एक धनी बदलत होता. शब्द एक, आयुष्यं तीन. इथे विषयाचा प्रश्न व्हायला सुरुवात होते.

इंग्लंडमध्ये काय चाललं होतं

आता थोडं बाहेर जाऊ, कारण तुलना केल्याशिवाय आपल्या प्रश्नाला धार येत नाही.

इंग्लंडच्या राजाच्या आरमारात युद्धकाळी माणसं सक्तीने भरत. हत्यारबंद टोळ्या बंदरात फिरून खलाशी उचलत. त्यांना प्रेस गँग म्हणत. आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे ‘वेठ’. फरक इतकाच, की वेठ काही दिवसांची असे, ही वर्षानुवर्षांची. कायद्याने परदेशी माणसाला असं धरता येत नव्हतं. १७४० च्या कायद्यात तशी सूट होती. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने युद्धकाळात दोन वर्षं ब्रिटिश जहाजावर काम केलेल्या परदेशी खलाशाला ब्रिटिश प्रजेसारखे हक्क मिळू लागले. वरवर सवलत; पण प्रजा झालास की वेठीलाही पात्र झालास. म्हणजे ‘परदेशी कोण’ हे जन्मगावावरून ठरत नव्हतं, गरजेप्रमाणे ठरत होतं.

पगाराचं गणित बघा. पट्टीच्या खलाशाचा आरमारी पगार १६५३ पासून १७९७ पर्यंत महिन्याला चोवीस शिलिंगच राहिला. जवळपास दीडशे वर्षं वाढ नाही! युद्ध सुरू झालं की व्यापारी जहाजांवरचा पगार मात्र दुपटीहून वर जाई. शिवाय आरमारात सहा महिन्यांचा पगार मुद्दाम मागे ठेवत, म्हणजे माणूस पळणार नाही. पळाला तर थकलेलं सगळं बुडालं. १७४९ च्या आरमारी नियमांत पळून जाण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. तरी माणसं पळत होती.

आता हजेरीपटाकडे या. इंग्लिश जहाजाच्या हजेरीपटात प्रत्येक माणसापुढे त्याचं काय झालं ते एका-दोन अक्षरांत लिहीत. ‘डी’ म्हणजे सोडला, ‘डीडी’ म्हणजे मेला, आणि ‘आर’ म्हणजे पळाला. हा पट कशासाठी होता? पगार आणि शिधा यांच्या हिशोबासाठी. ‘आर’ पडला की पगार बंद, विषय संपला. आजारी म्हणून किनाऱ्यावर उतरवलेला माणूस वेळेत परतला नाही तरी ‘आर’ पडू शकत होता, आणि पुढे अर्ज-विनंत्या करून तो काढूनही घेता येत होता. म्हणजे ते अक्षर त्या माणसाच्या मनात काय होतं ते सांगत नाही. कारकुनाने खातं कसं बंद केलं, तेवढंच सांगतं.

याचं मोठं उदाहरण म्हणजे सप्तवार्षिक युद्धाचा (१७५६–१७६३) आकडा. त्या युद्धासाठी ब्रिटिश आरमारात १,८४,८९९ माणसं भरली; लढाईत १,५१२ मेली; आणि १,३३,७०८ माणसं रोगाने मेली किंवा बेपत्ता झाली, असा हिशोब तेव्हा छापला गेला. हा आकडा पुस्तकांत सारखा भेटतो. पण नीट वाचा: रोगाने मेलेला आणि पळून गेलेला एकाच रकान्यात! राज्याच्या दृष्टीने दोघंही सारखेच, वजा झालेले. घरच्यांच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आकडा अगदी शेवटच्या माणसापर्यंत दिलाय म्हणून तो नेमकं काहीतरी सांगतोच, असं समजू नका.

उचल, मुकादम आणि डच दलाल

आता मराठवाड्याचा मुद्दा. सक्ती म्हणजे नेहमी दंडुका नव्हे. डच कंपनीने १६०२ ते १७९५ या काळात नेदरलँड्समधून आशियाकडे दहा लाखांच्या जवळपास माणसं पाठवली. त्यांतली निम्मीही परतली नाहीत. त्यात जर्मन, स्कँडिनेव्हियन असे परदेशी फार मोठ्या संख्येने होते. हे लोक ॲमस्टरडॅमला कामाच्या शोधात येत. दलाल त्यांना जेवू घाली, झोपायला जागा देई, कपडे देई, सगळं उधार. मग कंपनीत नाव नोंदवून देई आणि त्या माणसाच्या भावी पगारातून वसूल होणारी चिठ्ठी स्वतःकडे ठेवी. लोक अशा दलालांना ‘आत्मे विकणारे’ म्हणत. इंग्लिश कंपनीच्या जहाजांवरही निघताना दोन महिन्यांचा आगाऊ पगार मिळे, आणि तो बहुतेक वेळा बंदरावरच्या देणेकऱ्यांच्या खिशात जाई.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडपी, म्हणजे हिशोबातला ‘एक कोयता’, मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फेडायला फडावर जातात. कुणी हंगाम अर्धवट टाकून निघून आलं, की मुकादमाच्या तोंडी एकच वाक्य: ‘उचल बुडवून पळाले.’ त्या वाक्यात पोराचा ताप नसतो, बाईचं बाळंतपण नसतं, हिशोबातला घोळ नसतो. ते वाक्य खोटं नसतं. पण ते ज्याचे पैसे अडकलेत त्याचं वाक्य असतं.

अठराव्या शतकातला खलाशी आणि आजचा ऊसतोड कामगार एकच, असं मला म्हणायचं नाही. दोन काळ, दोन कायदे, दोन समाज. पण उचल म्हणजे काय हे ज्याला घरातून, शेजारातून माहीत आहे, त्याला ‘आर’ हे अक्षर बघून जे प्रश्न पडतील ते इतरांना पडायला वेळ लागेल. समुद्र नसलेल्या गावातून आपण आरमाराच्या अभ्यासात आणतो ते हे. आपली पार्श्वभूमी लपवायची नसते, तिला प्रश्नात बदलायचं असतं.

पळून जाणं म्हणजे नेहमी शत्रूकडे जाणं नव्हे

एक जुनं उदाहरण घ्या. कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली, तेव्हा रुई लैताव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे आरमार परवडणारं नव्हतं. त्यांनी दबाव आणला, आणि १६५९ मध्ये बायकामुलांसह सुमारे ३४० माणसं काम टाकून पोर्तुगीज मुलखात निघून गेली. मराठ्यांच्या बाजूने बघाल तर ती पळाली. पोर्तुगिजांच्या बाजूने बघाल तर ती ‘परत आली’. त्या ३४० जणांच्या बाजूने? तिकडे रोजगार होता, इकडे आपला धर्म, नातेवाईक आणि सरकारची भीती होती. एकाच रात्रीच्या प्रवासाला तीन नावं.

मराठी राज्यकर्त्यांनाही माणूस टिकवण्याचा प्रश्न माहीत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च लुटीच्या मिळकतीवर सोडू नये, मुलखातून नेमणूक करून नियमित द्यावा, असा त्यातला विचार आहे. कारण उघड आहे: खर्च मिळकतीवर टाकला, तर आरमारी माणूस सावकारांना आणि व्यापाऱ्यांना छळेल, आणि बंदरं ओस पडतील. माणूस टिकवायचा तर बेडी, थकीत पगार की वेळेवर पगार, हा त्या काळच्या प्रत्येक आरमारापुढचा प्रश्न होता.

१७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेत गेले आणि बंदरातलं आरमार जळालं. किल्ल्यात काही इंग्रज आणि डच कैदी सापडल्याचं त्या वेळचे वृत्तांत सांगतात. आता विचार करा: ज्यांनी बेडी निवडली ते ‘सुटलेले कैदी’ म्हणून कागदावर आले. ज्यांनी तोफ निवडली होती, त्यांना त्या दिवशी आपलं खरं नाव सांगायची सोय होती का?

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

‘मराठा आरमारातील युरोपीय’ हा विषय झाला. त्याचा प्रश्न असा होईल: ‘१७१३ ते १७५६ या काळात पश्चिम किनाऱ्यावर खलाशी धनी का आणि कसे बदलत होते, आणि त्या बदलाला कोणता कागद काय नाव देतो?’ यात काळ आहे, जागा आहे, आणि उत्तर चुकू शकतं. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही तो संशोधनाचा प्रश्न नसतो.

‘पळाला’ अशी नोंद दिसली की चार गोष्टी वहीत लिहा.

१. ही नोंद कुणी, कोणत्या हिशोबासाठी केली? पगार, खटला, तहाची वाटाघाट, की छापील पुस्तक?

२. माणूस आधी आत कसा आला होता? वेठीने, कर्जाने, कैदेतून की राजीखुशीने? आत येण्याची वाट माहीत नसेल, तर बाहेर जाण्याचा अर्थ लावू नका.

३. तो गेला कुठे? घरी, जास्त पगाराच्या जहाजावर, की शत्रूकडे? त्या काळच्या नियमांतही नुसतं पळणं आणि शत्रूला मिळणं हे वेगळे गुन्हे होते. आपण ते एक करू नयेत.

४. या कागदात कोण नाही? टोपीकराचं नाव निदान चुकीच्या स्पेलिंगने तरी सापडतं. कंपनीच्या जहाजावरचा कोकणी तांडेल किंवा खलाशी बहुतेक वेळा नुसता आकडा असतो. आणि कंपनीच्या दृष्टीने तोच तर ‘परदेशी’ होता, आपल्याच किनाऱ्यावर!

साधनांचं म्हणाल, तर मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या मुंबई सरकारच्या रोजनिश्या आहेत, पुण्यात पेशवे दप्तर, पणजीत पोर्तुगीज कागद. पण सुरुवातीला प्रवासखर्च करायची गरज नाही. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आणि फॉरेस्टने छापलेले मुंबई सरकारचे निवडक कागद ग्रंथालयांत मिळतात, स्कॅन केलेल्या प्रतीही मिळतात. ते वाचता वाचता मोडी शिकायला घ्या. रोज अर्धा तास दिला तरी काही महिन्यांत हात बसतो. मोडी येत नसेल तर आंग्र्यांची बाजू तुम्हाला कायम इंग्रजांच्या तोंडूनच ऐकावी लागेल, आणि मग ‘चाचा’ आणि ‘फितूर’ हे शब्द कधी तुमच्या स्वतःच्या वाक्यात शिरले ते कळणारही नाही.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातला असा एक शब्द शोधा जो एकाच बाजूच्या हिशोबातून आलाय: ‘पळपुटा’, ‘बंडखोर’, ‘थकबाकीदार’, ‘गळती’, काहीही. त्याच्यासमोर वरचे चार प्रश्न मांडा आणि मिळतील ती उत्तरं एका पानावर लिहून गाईडना दाखवा. सिनॉप्सिसचं पहिलं खरं पान बहुधा तेच असेल.